स्पिटफायर बघायचं ते चाकांपासून

(दृश्य: सातारा, गोडोली. पत्र्याची शेड. लांब टेबलावर पंख सुटे केलेलं विमान. पत्र्यावर पावसाचा आवाज.)

हे स्पिटफायर, दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश फायटरचं मॉडेल. मूळ विमानाच्या एक पंचमांश मापाचं. पंखांचा विस्तार सव्वादोन मीटर, वजन दहा किलोच्या आसपास. आत बाल्सा लाकडाच्या फासळ्या, वर फायबरग्लासचा पातळ थर, नाकात दोन स्ट्रोकचं पेट्रोल इंजिन. इंजिनाला लागूनच शिशाचे तुकडे रेझिन ओतून पक्के केलेत. खऱ्या स्पिटफायरच्या नाकात पाऊण टनाच्या आसपास वजनाचं मर्लिन इंजिन असायचं. मॉडेलचं इंजिन तेवढा भार देत नाही, म्हणून शिसं. त्यात कंजुषी केली की गुरुत्वमध्य मागे सरकतो, आणि शेपूट जड झालेलं विमान जमीन सोडताच नाक वर करून थांबतं. पुढचं काम मग झाडू घेऊन करायचं.

साताऱ्यातून दुसऱ्या महायुद्धातलं फायटर उडताना बघायला कुठे जायचं, याचं खरं उत्तर आहे: परदेशात. भारतीय वायुसेनेच्या जुन्या विमानांच्या ताफ्यात टायगर मॉथ आहे, हार्वर्ड आहे, आणि २०१८ साली ब्रिटनमधून उडत आलेलं 'परशुराम' नावाचं डकोटा आहे. पहिली दोन प्रशिक्षणाची, तिसरं वाहतुकीचं. आपली स्पिटफायर आणि हरिकेन दिल्लीत पालमच्या संग्रहालयात उभी आहेत. उडणारी बघायची तर इंग्लंडमधलं डक्सफर्ड, किंवा अमेरिकेतले शो. आपल्याकडून सोयीचा मोठा शो म्हणजे बंगळूरजवळ येलहंकाचा एअरो इंडिया. महामार्ग सरळ आहे: कराड, कोल्हापूर, बेळगाव, हुबळी. तिथे मुख्य मान जेट विमानांचा. पण हार्वर्ड किंवा डकोटा आलं असेल, तर पुढे सांगितलेलं बरंचसं त्यांनाही लागू पडतं.

आता टेबलाकडे. बहुतेक लोक स्पिटफायरचे पंख बघतात, लंबगोल, देखणे. आधी चाकं बघा.

(दृश्य: जवळून. दोन बोटांनी चाकाचा पाय बाहेर ओढला जातो. लॉक बसल्याची टक.)

या मॉडेलच्या दोन चाकांमधलं अंतर पस्तीस सेंटीमीटर. खऱ्या विमानात पावणेदोन मीटरच्या आतबाहेर, तेही अकरा मीटर विस्ताराच्या विमानाला. पाय पंखाच्या मुळाशी बसवलेत आणि बाहेरच्या बाजूला दुमडतात, त्यामुळे ते जवळजवळच राहणार. मस्टँग या अमेरिकी फायटरचे पाय उलटे, बाहेरून आत दुमडतात. तिथे हेच अंतर साडेतीन मीटरच्या वर जातं. उसाची उंच भरलेली ट्रॉली वळणावर कशी कलते, हे पावसाळ्यानंतर कऱ्हाड–सांगली रस्त्यावर ज्यानं बघितलंय, त्याला अरुंद चाकांचं दुखणं वेगळं सांगायला नको.

त्यात नाक लांब आणि वर उचललेलं. जमिनीवर असताना पायलटला समोरचं काहीच दिसत नाही. म्हणून तो नागमोडी जातो: थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे, आणि प्रत्येक वळणावर बाजूच्या काचेतून पुढचा रस्ता बघून घेतो. हे हौसेचं वळण नव्हे. वळताना 'फुस्स, फुस्स' असा हवेचा आवाज येतो, तो ब्रेकचा. स्पिटफायरचे ब्रेक दाबाच्या हवेवर चालतात. ब्रेकचा खटका पायलटच्या हातातल्या दांड्यावर असतो, आणि कुठल्या चाकाला किती ब्रेक लागणार हे पायांनी चालणाऱ्या रडरवरून, म्हणजे शेपटीच्या सुकाणूवरून, ठरतं. ब्रेक जोरात दाबला तर चाकं थांबतात, विमान थांबत नाही: शेपूट वर, नाक खाली आणि नाकावरचा पंखा (प्रोपेलर) डांबरावर. लाकडी पात्यांचा एक गुण असा की ती चटकन तुटतात, त्यामुळे इंजिनाला कमी हिसका बसतो. तरीही इंजिन उतरवून तपासावंच लागतं.

आता पंखाखालचा हा चौकोनी खोका. रेडिएटर.

(दृश्य: पंख उलटा. खोक्यासमोर चाकाचा पाय उभा.)

सगळा पेच इथे आहे. रेडिएटर पंखाखाली, पंख्याच्या झोतापासून बाजूला. चाकं बाहेर असताना पाय त्याच्या वाटेत येतो. सुरुवातीच्या स्पिटफायरमध्ये उजव्या पंखाखाली एकच रेडिएटर होता, डावीकडे तेल थंड करणारा छोटा खोका. नंतरच्या मार्क नऊ या आवृत्तीत दोन्ही बाजूंना रेडिएटर आले. उडताना हवा मिळते, जमिनीवर मिळत नाही. इंजिन सत्तावीस लिटरचं, बारा सिलिंडरचं. चालू करून धावपट्टीच्या तोंडाशी उभं केलं की काही मिनिटांत पाण्याचं तापमान शंभर अंशांकडे चालू लागतं. मग दोनच रस्ते: उडा, नाहीतर इंजिन बंद करा.

म्हणून शोच्या वेळापत्रकात स्पिटफायरला रांगेत थांबवत नाहीत. आधीचं विमान उतरायला उशीर झाला आणि एखादं स्पिटफायर मुकाट्यानं बंद झालं, तर बिघाड झाला असं लगेच समजू नका. बहुतेक वेळा ते तापमान असतं. आयोजक जाणते असतील तर त्याला वाऱ्याकडे तोंड करून उभं करतात, तेवढीच हवा मिळते. सुरू करतानाची घाई मात्र वाईट. तेल गरम होईपर्यंत इंजिन हळू चालवावं लागतं, थंड घट्ट तेलावर ताकद मागितली की बेअरिंगं जातात. म्हणजे एकीकडे तेल तापेपर्यंत थांबायचं, दुसरीकडे पाणी उकळायच्या आत उडायचं. पायलटच्या हातात उरतो तो मधला वेळ.

रेडियल इंजिनवाल्यांची, म्हणजे हार्वर्ड आणि डकोटाची, तऱ्हा वेगळी. सिलिंडर गोलाकार लावलेले असतात आणि रात्रभर उभं राहिलं की तेल झिरपून खालच्या सिलिंडरांत साचतं. तेल दाबलं जात नाही. तसाच स्टार्टर मारला तर कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून सकाळी दोन-तीन माणसं आळीपाळीनं पंखा हातानं फिरवताना दिसतात. मध्येच पातं अडलं तर जोर लावायचा नाही, उलटंही फिरवायचं नाही. उलट फिरवलं की तेल इनटेकच्या नळीत जातं आणि इंजिन सुरू होताच परत सिलिंडरात उतरतं. खालचे स्पार्क प्लग काढून तेल गाळायचं, मगच पुढे. सुरू झाल्यावर निळसर पांढऱ्या धुराचा लोट निघतो आणि प्रेक्षक हरखतात. तो उरलेल्या तेलाचा धूर.

(दृश्य: मोकळं माळरान, सकाळ. मॉडेल गवतावर. एक माणूस शेपूट धरून बसलेला.)

आता उड्डाण. मर्लिनचा पंखा पायलटच्या जागेवरून बघितला तर घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरतो, त्यामुळे ताकद देताच नाक डावीकडे ओढतं. पायलट आधीच उजवा रडर लावून ठेवतो आणि थ्रॉटल हळूहळू उघडतो. नंतरच्या स्पिटफायरमध्ये ग्रिफन इंजिन आलं, ते उलट फिरतं. ते नाक उजवीकडे ओढतं. एका दिवशी मर्लिन आणि दुसऱ्या दिवशी ग्रिफन चालवणाऱ्या पायलटनं हा फरक विसरून चालत नाही. मॉडेलमध्येही हीच ओढ असते, फक्त सगळं लवकर घडतं. थ्रॉटल एकदम वर ढकलला की दहा मीटरच्या आत विमान आडवं.

जमीन सोडल्यावर पहिल्या काही सेकंदांत नीट बघा. स्पिटफायर जरासं डचमळतं. चाकं उचलायचा दांडा कॉकपिटच्या उजव्या बाजूला. उजव्या हातात तर विमानाचा दांडा. मग डावा हात थ्रॉटलवरून काढून विमानाच्या दांड्यावर आणायचा, उजव्या हातानं चाकं उचलायची, पुन्हा हात बदलायचे. थ्रॉटल अडवणारी चकती आधी घट्ट केली नसेल, तर हात सुटताच थ्रॉटल मागे घसरतो आणि नेमकी हवी तेव्हाच ताकद जाते. सगळ्यात जुन्या विमानांत चाकं हातपंपानं उचलावी लागत. तिथे तर पंपाच्या प्रत्येक दाबाला नाक खालीवर होई.

हवेतल्या कसरतींबद्दल एक गैरसमज मोडायला हवा. ऐंशी वर्षांचं विमान युद्धातल्यासारखं कुणी पिळत नाही. ताकद कमी ठेवतात, वळणं मोठी घेतात, पंखांच्या सांध्यांवरचा भार मर्यादेच्या बराच आत राखतात. तरीही शो देखणा होतो, कारण पायलट उंचीचा वेग करतो आणि वेगाची उंची. खाली येताना मिळालेला वेग वर जाताना खर्च करायचा आणि मधलं वळण प्रेक्षकांसमोर आणायचं. पंखांचा वरचा भाग पूर्ण दिसतो तो या वळणात, सरळ पासमध्ये नाही. फोटोवाले त्यासाठीच ताटकळतात.

लूपमध्ये, म्हणजे हवेतल्या उभ्या वर्तुळात, एक हिशेब फार कडक असतो. वर पोचल्यावर ठरलेली उंची आणि ठरलेला वेग नसेल, तर खाली खेचायचं नाही. कूस बदलून सरळ बाहेर पडायचं. २०१५च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडमध्ये शोरहॅमला हॉकर हंटर जेट पडलं आणि रस्त्यावरची ११ माणसं गेली. त्या लूपच्या माथ्यावर किमान ३,५०० फूट हवे होते, विमान २,७०० फुटांच्या आसपास होतं. त्यानंतर ब्रिटनमध्ये शोचे नियम आवळले. अमेरिकेत प्रेक्षक आणि कसरतीची रेषा यांत विमानाच्या वेगाप्रमाणे ५००, १,००० किंवा १,५०० फूट अंतर ठेवतात. २०२२च्या नोव्हेंबरमध्ये डॅलसला बी-१७ बॉम्बर आणि किंगकोब्रा फायटर हवेत एकमेकांवर आदळले, ६ जण गेले. विमानं लांबून उडवतात म्हणून कुरकुरणाऱ्यांनी ही दोन वर्षं ध्यानात ठेवावीत.

आवाज. हार्वर्ड आकारानं लहान, पण ओरडतं भयंकर. पंख्याचा व्यास पावणेतीन मीटर, आणि तो गिअरशिवाय थेट इंजिनाला जोडलेला. मिनिटाला २,२५० फेऱ्यांना पात्याचं टोक सेकंदाला सव्वातीनशे मीटरच्या जवळ जातं. त्यात विमानाचा स्वतःचा वेग मिळवला की ते ध्वनीच्या वेगाला भिडतं. कानात घुसणारी ती किंकाळी टोकांची असते, इंजिनाची नव्हे. स्पिटफायरमध्ये मधे गिअर आहे. इंजिन ३,००० फेऱ्यांवर असलं तरी पंखा साधारण १,४३० वर. टोकाचा वेग अडीचशे मीटरच्या आत. म्हणून तिथे ऐकू येतं ते इंजिन, बारा सिलिंडरचं, आखूड एग्झॉस्टमधून थेट बाहेर सुटणारं. आणखी एक: विमान पाचशे मीटरवर असेल तर आवाज दीड सेकंद उशिरा पोचतो. आवाजाच्या दिशेनं बघू नका, त्याच्या पुढे बघा.

कॅमेरा. सगळ्यात जास्त फोटो इथेच फसतात. ऊन आहे म्हणून शटर एक हजारांश सेकंदावर ठेवतात. फोटो धारदार येतो आणि पंखा बंद पडल्यासारखा दिसतो. हिशेब सोपा आहे. स्पिटफायरचं इंजिन मिनिटाला २,४०० फेऱ्यांवर असेल तर गिअरमुळे पंखा सेकंदाला १९ वेळा फिरतो. एक हजारांश सेकंदात पातं सात अंशही सरकत नाही. एकशे पंचविसांश सेकंदात ५५ अंश सरकतं, आणि चार पात्यांमधलं अंतर ९० अंशांचं असल्यानं अर्ध्याहून जास्त चकती भरते. साठांश सेकंदाला ती पूर्ण भरते, पण तेवढ्या वेळात हात हलतो, दहातले नऊ फोटो टाकून द्यावे लागतात. सुरुवात एकशे साठांशपासून करा. कंबरेतून वळा, विमानाबरोबर फिरत राहा आणि बटण दाबल्यावरही फिरणं थांबवू नका. जेटसाठी मात्र शटर परत हजाराच्या वर न्या. तिथे फिरणारं काही दिसत नाही. मोबाइलवर पाती केळ्यासारखी वाकडी येतात, कारण मोबाइलचा सेन्सर चित्र एका दमात घेत नाही, ओळीओळीनं घेतो. गडद फिल्टर लावला की हा दोष बराच लपतो.

कॉर्सेअर हे अमेरिकी नौदलाचं फायटर दिसलं तर पंख मध्येच खाली वाकलेले का, हा प्रश्न येतोच. चार मीटरचा पंखा जमिनीला लागू नये आणि तरी पाय आखूड राहावेत, हे मुख्य कारण.

(दृश्य: विमान उतरतं. शेवटी नागमोडी चालत जागेवर.)

उतरताना पायलट लांब सरळ रेषेत येत नाही. धावपट्टीकडे वळत-वळत येतो आणि अगदी शेवटी सरळ करतो, कारण सरळ आला तर नाकाआड धावपट्टीच गायब. उतरल्यावर टाळ्या पडतात, पण धोका संपलेला नसतो. वेग कमी झाला की रडरला हवा लागत नाही, आणि अरुंद चाकांचं विमान बाजूच्या वाऱ्यात गर्रकन फिरू शकतं. जागेवर पोचेपर्यंत पायलट पायांनी काम करत असतो.

इंजिन बंद झाल्यावर लगेच गर्दी पुढे सरकते. पंख्याला हात लावू नका. मॅग्नेटोची, म्हणजे ठिणगी देणाऱ्या यंत्राची, तार सुटलेली असेल तर गरम इंजिन हाताच्या एका धक्क्यानं पेटू शकतं. मॉडेललाही हाच नियम, आणि बोटं जातात ती मॉडेलनंच जास्त.

तिकिटाचे पैसे वसूल करायचे असतील तर शो संपला तरी एक रात्र तिथेच काढा. पाहुणी विमानं दुसऱ्या दिवशी सकाळी परत जातात. गर्दी नसते, हवा थंड असते, इंजिनं लवकर तापत नाहीत, आणि पंखा हातानं फिरवण्यापासून चाकं उचलण्यापर्यंतचं सगळं कुंपणापाशी उभं राहून बघता येतं. निघण्याच्या वेळा आदल्या संध्याकाळी विमानाजवळच्या मेकॅनिकला विचारून ठेवा. नऊच्या आत पोचा.