जो शब्द उत्तरात नव्हता

श्रोतेहो, नमस्कार.

१२ मे १९४९. रात्रीचे बारा वाजून एक मिनिट झालं. जर्मनीत हेल्मश्टेटच्या नाक्यावरचा आडवा दांडा वर गेला आणि गाड्या बर्लिनच्या रस्त्याला लागल्या. तिकडे पश्चिम बर्लिनमध्ये दिवे लागले. साडेदहा महिन्यांची कोंडी सुटली.

कोंडी का झाली, ते पटकन सांगते. महायुद्ध संपल्यावर चार विजेत्यांनी जर्मनी वाटून घेतला आणि बर्लिन शहराचेही चार वाटे केले. पण बर्लिन होतं रशियाच्या मुलखात, शंभर मैल आत. जून १९४८ मध्ये अमेरिका, ब्रिटन आणि फ्रान्स या तिघांनी आपल्या भागात नवं चलन आणलं, डॉइश मार्क. ते पश्चिम बर्लिनमध्येही येणार म्हटल्यावर २४ जूनला रशियानं रस्ते, रेल्वे, कालवे, सगळं अडवलं. पश्चिमेकडे वेगळा जर्मन देश उभा राहू नये, हे रशियाचं खरं दुखणं. पण पुढं केलेलं कारण होतं चलनाचं. चलन. हा शब्द लक्षात ठेवा, मला तो पुढं लागणार आहे.

वीस लाखांवर माणसं अडकली. उरलं फक्त आभाळ. आभाळातल्या तीन वाटांचा करार १९४५ मध्येच लेखी झाला होता, रस्त्यांचा झाला नव्हता. कागदावर होतं तेवढंच उपयोगाला आलं. शेताच्या बांधावरून कोर्टात गेलेल्या माझ्या श्रोत्यांना हे वेगळं सांगायला नको. जे ठरलं ते लिहून घ्यावं, सख्ख्या भावाशी ठरलं असलं तरी.

मग विमानं सुरू झाली. पावणेतीन लाखांहून जास्त फेऱ्या, २३ लाख टन माल, आणि त्यातला दोन तृतीयांश निव्वळ कोळसा. ही सगळी वाहतूक बसवून दिली विल्यम टनर या अमेरिकी सेनाधिकाऱ्यानं. युद्धात आसाममधल्या धावपट्ट्यांवरून हिमालय ओलांडून चीनला रसद जायची, ते काम टनरनंच सांभाळलेलं. बर्लिनमध्ये त्याचा नियम कडक होता. एखाद्या वैमानिकाचा उतरण्याचा पहिला प्रयत्न हुकला तर घिरट्या घालायच्या नाहीत, मालासकट परत जायचं, कारण मागून तीन मिनिटांवर पुढचं विमान येतंच आहे.

आणि मीठ! मिठाच्या बरणीत धातूचा चमचा राहिला तर काय होतं, हे तुम्हाला माहीत आहे. तेच विमानाचं. पोत्यातून मीठ सांडायचं आणि आतल्या तारा खायचं. म्हणून मीठ आणायला समुद्रावर उतरणारी संडरलँड विमानं लावली. त्यांना खाऱ्या पाण्याची सवय. ती बर्लिनच्या हाफेल नदीवर उतरत. हिवाळ्यात पाण्यावर बर्फाची धास्ती आली, तेव्हा दुसऱ्या विमानांच्या पोटाखाली बाहेरून टोपल्यांसारख्या पेट्या लावल्या आणि त्यांतून मीठ आणलं. (लोणच्याला मीठ खडेच घ्यावं, हे जाता जाता सांगून ठेवते. बारीक मिठाचं लोणचं माझ्या जिभेला कधी पटलं नाही.)

घरात वीज दिवसाला चारेक तास, तीही वेळी-अवेळी. रात्री दोनला आली तर बाई रात्री दोनला उठून स्वयंपाक करायची. वीज नाही म्हणजे रेडिओही मुका. तेव्हा रिआस या तिथल्या केंद्रानं काय केलं? भोंगे लावलेल्या गाड्या रस्त्यांवर पाठवल्या आणि चौकाचौकात बातम्या वाचून दाखवल्या. मला या गाड्यांचा फार अभिमान वाटतो. श्रोत्यापर्यंत लहरी पोहोचत नसतील तर निवेदकानं चालत जावं.

आता येते माझ्या गोष्टीवर. कोंडी सुटली कशी? विमानांनी शहर जगवलं, पण नाक्यावरचा दांडा विमानांनी वर केला नाही. तो कसा वर गेला, ते ऐका.

जानेवारी १९४९. किंग्सबरी स्मिथ नावाच्या अमेरिकी पत्रकारानं पॅरिसहून स्टालिनला चार प्रश्न लिहून पाठवले. असे प्रश्न पुष्कळ जण पाठवत, उत्तर क्वचित यायचं. या वेळी आलं. तिसरा प्रश्न बर्लिनचा होता. पश्चिमेकडच्या तिघांनी वेगळा जर्मन देश उभारणं पुढं ढकललं, तर रशिया नाकेबंदी उठवेल का? उत्तराचा आशय असा, की हो, अडचण नाही. त्यांनीही त्यांची बंधनं त्याच वेळी उठवावीत. कारण पश्चिमेनंही उलट कोंडी केली होती. जर्मनीच्या पश्चिमेकडच्या रूर या औद्योगिक पट्ट्यातला कोळसा आणि पोलाद पूर्वेकडे जायचं थांबलं होतं आणि ते तिकडे चांगलंच जाणवत होतं.

वर्तमानपत्रांनी उत्तर छापलं. पण वॉशिंग्टनमध्ये चार्ल्स बोलेन हा रशियाचा जाणकार मुत्सद्दी ते पुन्हा पुन्हा वाचत बसला. त्यात काय आहे ते सगळ्यांनी वाचलं होतं. त्यात काय नाही, ते त्यानं वाचलं. सबंध उत्तरात एक शब्द नव्हता. कोणता? चलन. ज्या चलनावरून सात महिने घोडं अडलं होतं, त्याचा उल्लेखच नाही!

आता विचारायचं कसं? पत्र धाडलं असतं तर उत्तर ‘नाही’ आलं असतं, आणि एकदा लेखी नकार दिला की माघार घेणं कुणालाही जड जातं. लग्नाच्या बोलणीत मोठी माणसं थेट विचारत नाहीत, आधी कुणीतरी मध्यस्थ चहाच्या वेळी सहज विषय काढतो. तसंच झालं.

तेव्हा संयुक्त राष्ट्रसंघाचं बस्तान न्यूयॉर्कजवळ लेक सक्सेस इथं होतं, युद्धसामग्रीच्या एका कारखान्याच्या इमारतीत. १५ फेब्रुवारीला तिथल्या प्रतिनिधींच्या बैठकीच्या दालनात अमेरिकेचे फिलिप जेसप रशियाच्या याकोव मलिक यांच्याजवळ गेले आणि सहज बोलल्यासारखं विचारलं, की स्टालिनच्या उत्तरात चलनाचा उल्लेख नाही, त्याला काही अर्थ आहे का? मलिक म्हणाले, मला माहीत नाही. जेसप म्हणाले, कळलं तर मला जरूर सांगा. बस. एवढंच बोलणं.

मग महिनाभर शांतता. एक महिना, श्रोतेहो! बर्लिनमध्ये विमानं उतरताहेत, थंडीत माणसं कुडकुडताहेत, आणि इकडे एका प्रश्नाचं उत्तर येत नाही. जेसप यांनी घाई केली नाही, तगादा लावला नाही. बरोबर एका महिन्यानं, १५ मार्चला, मलिक यांचा निरोप आला. तो शब्द चुकून राहिलेला नव्हता.

तिथून गाठ सैल झाली. आणखी भेटी, आणखी प्रश्न. मधेच एप्रिलमध्ये ईस्टरच्या सुमारास टनरच्या विमानांनी चोवीस तासांत १,३९८ फेऱ्या करून जवळजवळ १३ हजार टन माल उतरवला. कोंडीनं शहर शरण येणार नाही, हे मॉस्कोला त्या दिवशी आकड्यांत दिसलं. ४ मेला चारही देशांनी करार केला. १२ मेला रस्ते उघडायचे, दोन्ही बाजूंनी, आणि २३ मेला परराष्ट्रमंत्र्यांची बैठक पॅरिसमध्ये.

शाळेत असताना मला महायुद्धाची सुरुवात तारखेनिशी पाठ होती. भांडणं मिटली कशी, ते मात्र एका ओळीत उरकलेलं असायचं. माझं मत विचाराल तर परीक्षेत प्रश्न त्या ओळीवर यावा.

१२ मेला पश्चिम बर्लिनमध्ये शाळांना सुट्टी होती. रस्त्यानं येणाऱ्या गाड्यांवर लोकांनी फुलं उधळली. त्या महिन्यांत अपघातांत १०१ माणसांनी जीव गमावला होता, त्यांत ब्रिटिश आणि अमेरिकी होते तसे जर्मनही होते. त्यांची आठवण म्हणून टेम्पलहोफ विमानतळासमोरच्या चौकाला पुढं ‘हवाई पूल’ असं नाव दिलं. विमानांच्या त्या वाहतुकीला जर्मन लोक हवाई पूलच म्हणत.

आणि तो शब्द? उत्तरात नव्हता, पण शहरात होताच. पश्चिम बर्लिनची रेल्वे पूर्वेकडच्या प्रशासनाच्या ताब्यात होती आणि ती कामगारांना पगार पूर्वेच्या चलनात द्यायची. पश्चिम भागातल्या दुकानात त्या नोटांना किंमत किती, ते बायकोला आठवड्याच्या बाजाराला कळायचं. कोंडी उठून दहा दिवसही झाले नव्हते, २१ मेला रेल्वे कामगार संपावर गेले. त्यांची मुख्य मागणी, पगार पश्चिमेच्या मार्कात द्या. जूनच्या अखेरीपर्यंत गाड्या पुन्हा ठप्प राहिल्या.

कोळशाची विमानं मात्र थांबवली नव्हती. गोदामं भरेपर्यंत, ३० सप्टेंबरपर्यंत, ती उतरत राहिली.

नमस्कार.