उशीखालची चपाती

नमस्कार श्रोतेहो.

नव्याने घरी आलेल्या मुलाची गादी उचलावी आणि उशीखाली चार दिवसांची, कडक झालेली चपाती सापडावी. आधी राग येतो, मग वाईट वाटतं, आणि "घरात काय कमी आहे तुला?" हे वाक्य तोंडातून निघून जातं. आज बोलायचंय ते या चपातीबद्दल. म्हणजे दुसऱ्याच्या घरी वाढणाऱ्या मुलांच्या मनाबद्दल आणि त्यांना वाढवणाऱ्या घरांबद्दल.

बाल न्याय अधिनियम 2015 च्या कलम 44 मध्ये प्रतिपालकत्वाची सोय आहे. फॉस्टर केअर म्हणतात ते हेच. हे दत्तक नव्हे. बाल कल्याण समितीच्या, म्हणजे अशा मुलांबाबत निर्णय घेणाऱ्या जिल्ह्यातल्या समितीच्या, आदेशाने मूल ठरावीक काळासाठी एका कुटुंबात राहतं, आणि आईवडिलांची घडी बसली तर परतही जाऊ शकतं. केंद्राच्या 2024 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सहा वर्षांवरची मुलं अशी पाठवली जातात. म्हणजे येणाऱ्या मुलाला मागचं बरंच काही आठवत असतं. शिवाय महाराष्ट्रात राज्य सरकारच्या बालसंगोपन योजनेतली मुलं आहेत. ती आजीकडे, मावशीकडे, काकांकडे वाढतात आणि त्यांच्यासाठी महिन्याला 2,250 रुपये मिळतात. पैशांचा अर्ज सगळे भरतात. मनाचं काय, हे विचारायला मात्र बहुतेक वेळा कुणी येत नाही. आजीच्या घरात तर दोन दुःखं एका छताखाली असतात: मुलाची आई गेलेली असते आणि आजीची लेक. तिथे आधाराची गरज दोघांनाही असते.

आता चपातीकडे येऊ. ज्या मुलाने उपाशी रात्री काढल्या आहेत, त्याचं अंग पोट भरलं तरी विश्वास ठेवत नाही. उद्या मिळेल की नाही, याचा हिशेब ते सतत करत असतं. ही चोरी नव्हे आणि कृतघ्नपणाही नव्हे. उपाय साधा आहे. झाकणाचा एक छोटा डबा त्याच्या नावाचा करा. त्यात भाजलेले चणे, शेंगदाण्याचा लाडू, बिस्किटं असं टिकणारं काहीतरी ठेवा. डबा त्याचा हात पोहोचेल अशा जागी असू द्या आणि रोज रात्री त्याच्या देखत भरा. किती संपलं ते विचारू नका, तपासू नका. शिळी चपाती सापडली तर "ही खराब झाली, डब्यात ताजं ठेवलंय" एवढंच बोला. कपाटाला कुलूप लावलं की लपवणं हमखास वाढतं, कारण त्याची भीती खरी होती हे आपणच सिद्ध करून देतो. डबा भरलेलाच राहतो हे अंगवळणी पडायला कधी कधी महिनेही जातात.

पहिले काही दिवस बहुतेक मुलं अगदी शहाण्यासारखी वागतात. नव्याचे नऊ दिवस इथेही असतातच. घर जरा ओळखीचं वाटू लागलं की वस्तू फुटतात, खोटं बोललं जातं, शाळेतून तक्रारी येतात. नेमक्या याच वेळी घर खचतं: "आधी किती गुणी होता!" खरं तर मूल आता तपासून बघतंय, मी असा वागलो तरी हे मला ठेवतील का? म्हणून एक वाक्य कितीही संताप आला तरी उच्चारू नका: "परत पाठवून देईन." एकदा ऐकलेलं हे वाक्य पुसायला फार काळ लागतो. मूल आरडाओरडा करत असेल तेव्हा खोलीत कोंडू नका. हाताच्या अंतरावर, त्याच्या नजरेच्या उंचीला बसा आणि कमीत कमी बोला. "का केलंस?" हा प्रश्न तेव्हा निरुपयोगी असतो, त्याचं उत्तर त्यालाच ठाऊक नसतं. पूर्ण शांत झाल्यावर, काहीतरी खाऊन झाल्यावर विचारा.

अंथरूण ओलं होत असेल तर आधी डॉक्टरांकडे लघवी तपासून घ्या आणि बद्धकोष्ठता आहे का ते पाहा. गादीवर मेणकापड, त्यावर चादर, परत मेणकापड, परत चादर, असे दोन थर घाला. रात्री दोन वाजता वरचा थर काढला की काम झालं, कुणाला दिवा लावून सगळं घर उठवावं लागत नाही. संडासच्या वाटेवर छोटा दिवा ठेवा. ओली चादर मुलाच्या हाताने सगळ्यांसमोर धुवून घेणं ही शिक्षा आहे, आणि त्याने काहीही थांबत नाही.

समितीने परवानगी दिली असेल तर आईवडील मुलाला भेटू शकतात. भेटीनंतर दोनतीन दिवस मूल रडतं, पोट दुखतं म्हणतं, भांडतं. मग घर म्हणतं, भेटीच बंद करा. हा निष्कर्ष घाईचा आहे. भेटीने दुःख तयार होत नाही, आत होतं ते वर येतं. भेटीत मारहाण किंवा धमकी झाली तर गोष्ट वेगळी, ती समितीला लगेच कळवायची. एरवी भेटीचा दिवस भिंतीवरच्या कॅलेंडरवर मुलाकडूनच मांडून घ्या आणि ती संध्याकाळ रिकामी ठेवा, पाहुणे नकोत, शिकवणी नको. आई आलीच नाही तर कारणं रचू नका. "ती आज आली नाही, तुला वाईट वाटलं असणार" एवढं पुरतं. तिच्याबद्दल वाईट बोललात तर मुलाला तुमच्यात आणि तिच्यात निवड करावी लागते. "आई म्हण" असा आग्रहही नको. काकू, मावशी, त्याला जे येईल ते चालेल.

घरातल्या आपल्या मुलाचं काय? त्याची खोली, कपाट, आईचा वेळ वाटला गेलाय. रोज वीस मिनिटं फक्त त्याच्याबरोबर घालवा, आणि त्याची एखादी वस्तू वाटण्याबाहेर ठेवा. "तू मोठा आहेस, समजून घे" हे रोज ऐकून तो गप्प बसतो आणि राग धुमसत राहतो.

पालकांबद्दल बोललंच पाहिजे. या मुलाबद्दल माया वाटत नाही, असे दिवस येतात. ते कुणी बोलत नाही. कायद्यानुसार समितीकडून प्रतिपालक घराची दर महिन्याला पाहणी व्हायला हवी. त्या वेळी चहा होतो, "सगळं छान आहे" सांगितलं जातं, कारण मूल काढून घेतील अशी धास्ती असते. मग एक दिवस घर कोसळतं आणि मूल बालगृहात परत जातं. असं तुटणं परत परत झालं की पुढच्या घराशी जुळणं आणखी अवघड होतं. म्हणून थकवा आला की जिल्हा बाल संरक्षण कक्षाला, म्हणजे मुलांचं काम बघणाऱ्या जिल्ह्यातल्या सरकारी कार्यालयाला, लवकर सांगा आणि समुपदेशनाची सोय मागून घ्या.

मदत कुठे मिळेल? टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा क्रमांक 14416, मोफत, चोवीस तास, मराठीतही. मूल धोक्यात असेल तर मुलांची हेल्पलाइन 1098. तुमच्या जिल्हा रुग्णालयातल्या मनोविकार विभागातही दाखवता येतं. जाण्याआधी दोन आठवडे वहीत नोंद ठेवा: झोप किती, जेवण कसं, चिडला ती वेळ आणि त्याच्या लगेच आधी काय घडलं. ही वही डॉक्टरांना फार उपयोगी पडते. घाबरून सतत सावध राहणारं मूल वर्गात चंचल दिसतं आणि नुसतं अतिचंचल ठरवलं जाऊ शकतं, म्हणून मागचा इतिहास जरूर सांगा. समितीच्या आदेशाची प्रत बरोबर न्या. स्वतःला इजा करणं, मरणाबद्दल बोलणं, जेवण अगदी सोडणं यांपैकी काही दिसलं तर वही भरत बसू नका, त्याच दिवशी जा.

आणखी एक. मुलाची ओळख उघड करायला कायद्याने बंदी आहे. वाढदिवसाचा फोटो "आमच्याकडे आलेलं लेकरू" म्हणून व्हॉट्सॲपच्या स्टेटसवर ठेवू नका.

मूल स्वतःच्या घरी परत जाणार असेल तर त्याला आधी सांगा आणि जमलं तर थोडे थोडे दिवस तिकडे राहू द्या. सामान चांगल्या पिशवीत भरा, प्लॅस्टिकच्या थैलीत नको. फोटो, वह्या, तो डबा बरोबर द्या. कोणती औषधं चालू आहेत, रात्री कुठला दिवा लागतो, कशाने शांत होतो, हे एका कागदावर लिहून पुढच्या घराला द्या. आपल्या मुलालाही निरोप घेऊ द्या. आणि सामाजिक कार्यकर्त्यांना विनंती: मूल गेल्यानंतरच्या आठवड्यात त्या प्रतिपालक घरीही एकदा जाऊन बसा. तिथे एक गादी अजून घातलेली असते.