छावणीतला बडा दिन

नमस्कार मंडळी.

डिसेंबर लागला की इथले शेजारी विचारतात, तुम्ही ख्रिसमस करता का? आम्ही इंदूरकर बिनदिक्कत ‘हो’ म्हणतो.

आमच्या छावणीत, म्हणजे इंदूरच्या आमच्या वस्तीत, त्याला सगळे बडा दिन म्हणायचे. शेजारच्या आंटी एमवाय हॉस्पिटलात नर्स होत्या. दिवाळीत आई त्यांच्याकडे फराळाचं ताट पाठवायची. ते ताट आंटी ठेवून घ्यायच्या, आणि थेट २५ डिसेंबरला गुजिया, नमकपारे नि केक घालून परत करायच्या.

केकची तयारी बघण्यासारखी असे. ओव्हन कुणाच्याच घरी नव्हता. मैदा, साखर, तूप, अंडी, पेठ्याचे तुकडे, चारोळी असं सगळं घेऊन आंटी बेकरीत जायच्या. आईही त्याच खेपेला नानकटाईचं सामान पाठवायची. बेकरीवाला आमच्यासमोर परातीत तूप-साखर हातानं फेसायचा, पण पाव भाजून निघेपर्यंत केक आत ठेवायचा नाही. पावाला भट्टी कडक लागते. त्या आचेत केक वरून करपतो आणि आत कच्चा राहतो. भट्टी निवत आली की मग डबे आत जायचे. आपला डबा ओळखू यावा म्हणून त्यावर खिळ्यानं नाव कोरलेलं असे.

संध्याकाळी पांढरं चर्च बघायला अख्खं इंदूर लोटायचं. अनंत चतुर्दशीला गिरण्यांच्या झांक्या, म्हणजे सजवलेले देखावे, रात्रभर जागून बघणारं गाव ते. गव्हाणीतला बाळ येशू हीसुद्धा आमच्या लेखी झांकीच. आजी रांगेत उभी राहून मेणबत्ती लावायची, हात जोडायची. तिचे भाऊ कॅनेडियन मिशनच्या, १८८७ साली सुरू झालेल्या ख्रिश्चन कॉलेजात शिकलेले. तिला त्यात वावगं काहीच वाटत नसे. चपला घालता घालता म्हणायची, “चला, आता सराफ्यात.” तिथं सोन्याची दुकानं बंद झाली की त्यांच्याच पुढ्यात गराडूच्या कढया चढायच्या. गराडू म्हणजे एक कंद. दोनदा तळलेला गराडू, वर जिरावन मसाला आणि लिंबू. आमचं नाताळचं जेवण ते.

आता मॉलमध्ये उंच झाडं उभी राहतात, केक फोनवरून येतो. २०१७ पासून शहर स्वच्छतेत देशात अव्वल आहे, त्याचा मला मनापासून अभिमान वाटतो. चर्चवरची रोषणाईही वाढली आहे. पण वाड्यांच्या जागी इमारती आल्या आणि शेजारच्या दारामागे कोण राहतं ते ठाऊक नसतं. मला खरी रुखरुख त्याची आहे.

म्हणून एक विनंती. फराळ आपण मंडळात आपापसातच वाटतो. पुढच्या दिवाळीत एक ताट शेजारच्या घरी जाऊ द्या, आणि ते लगेच परत आणू नका.

गराडू इथं मिळत नाही, तेव्हा गुजराती दुकानातला फ्रोझन कंद तळून आणलाय. जिरावन मात्र इंदूरचंच आहे. गरम आहे तोवर घ्या.