दुसरा प्रयोग

(दृश्य : शाळेचा वर्ग. बाकं भिंतीला लावलेली. फळ्यावर अर्धवट पुसलेलं गणित.)

संध्याकाळचे साडेसात. दक्षिण नागपुरातल्या या शाळेत दिवसभर सातवीचा वर्ग भरतो. आता बाकं बाजूला सरकली आहेत आणि मधल्या फरशीवर खडूने रंगमंच आखलाय. ही रेघ म्हणजे पडदा. तो कोपरा म्हणजे विंग. खिडकीखाली संत्र्याचे प्लास्टिकचे रिकामे क्रेट रचून ठेवलेत. ते कशाला, हे थोड्या वेळाने कळेलच.

"काऊन बे, दुसरा अंक पाठ नाही झाला अजून?"
"दुपारून लाईन गेली होती न ताई, फिल्डवर होतो."

ताई म्हणजे दिग्दर्शिका. दिवसा शिक्षिका. फिल्डवर असलेले दादा वीज कंपनीत लाइनमन आहेत, आणि नाटकात बाग विकत घेणारा व्यापारी. आईची भूमिका करणाऱ्या काकू घरचा स्वयंपाक उरकून येतात. मिहानमधल्या कंपनीत कामाला असलेला मुलगा आठवड्यातून तीन दिवस उशिरा पोचतो आणि बाकीचे चार दिवस मोबाइलवर निरोप पाठवतो. हौशी नाट्यमंडळ म्हणतात ते हे. नागपुरात अशी मंडळं पुष्कळ आहेत. महालात आहेत, धरमपेठेत आहेत, मानेवाड्याकडे आहेत. कुणाची तालीम मंगल कार्यालयाच्या मागच्या खोलीत चालते, कुणाची गच्चीवर.

या मंडळाची यंदाची बातमी बक्षिसाची नाही. यांच्या नव्या नाटकाचा दुसरा प्रयोग ठरलाय. आणि तो पहिल्या प्रयोगाच्या आधी ठरलाय.

(दृश्य : गोदामातले जुने फ्लॅट, म्हणजे नेपथ्याच्या रंगवलेल्या भिंती. एकावर रंगवलेली खिडकी, एकावर देवघर.)

यात बातमी काय, असं वाटेल. हौशी रंगभूमीवर ज्याने एक हिवाळा काढलाय त्याला वाटणार नाही.

राज्य शासनाचं सांस्कृतिक कार्य संचालनालय दरवर्षी हौशी मराठी नाट्यस्पर्धा घेतं. साठाहून जास्त वेळा ही स्पर्धा भरली आहे, आणि नागपूर तिचं एक महत्त्वाचं केंद्र आहे. प्राथमिक फेरी साधारण हिवाळ्याच्या तोंडावर येते. त्याआधी संहिता शोधायची, लेखकाची परवानगी काढायची, संहितेला मंजुरी देणाऱ्या रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र मिळवायचं. मग वाचन, हालचाली, पाठांतर, रंगीत तालीम. नेपथ्य ठोकायचं, कपडे शिवायचे, संगीत बसवायचं. कित्येक महिन्यांचं काम, आणि ते दोन-सव्वादोन तासांत संपतं. नाटक प्राथमिक फेरीत वर आलं तर अंतिम फेरीत जातं. नाही आलं, तर त्याच रात्री नेपथ्य उतरतं, टेम्पोत चढतं आणि अशा एखाद्या गोदामात येऊन पडतं. ही खिडकी एका नाटकाची आहे. हे देवघर दुसऱ्या. दोन्ही नाटकं एकेकदाच झाली.

मंडळातले जुने लोक हे हसत सांगतात. "आमची सगळी नाटकं जन्मली अन् त्याच दिवशी गेली." हसतात, पण त्या दोन नाटकांमधले संवाद त्यांना आजही तोंडपाठ आहेत.

आता कुणी म्हणेल, नाटक चांगलं असतं तर पुढे चाललं असतं. हे अर्धंच खरं आहे. चांगलं नाटक नागपुरात पुष्कळ लिहिलं गेलं. पुरुषोत्तम दारव्हेकर या शहराचे. सगळे त्यांना मास्तर म्हणायचे. रंजन कला मंदिर ही संस्था त्यांनी इथे उभी केली आणि हौशी नटांची एक फळी घडवली. त्यांचं ‘कट्यार काळजात घुसली’ 1967 मध्ये रंगमंचावर आलं, ते मुंबईच्या व्यावसायिक संस्थेकडून. त्यातले खाँसाहेब वसंतराव देशपांडे. जन्म मूर्तिजापूरचा, गाण्याचे पहिले धडे नागपुरात घेतलेले. सिव्हिल लाइन्समधलं सभागृह आज त्यांच्या नावाने ओळखलं जातं. नाटककार महेश एलकुंचवारांचं बहुतेक आयुष्य नागपुरात गेलं, पण त्यांचं विदर्भातल्या वाड्याचं नाटक, ‘वाडा चिरेबंदी’, 1985 मध्ये विजया मेहतांनी बसवलं, तेही मुंबईत. म्हणजे लेखणी इथली, भाषा इथली, माणसं इथली. शंभरावा प्रयोग मात्र तिकडचा. यात कुणाचा दोष काढायचा नाही. तिकडे नाटक विकण्याची यंत्रणा होती, आपल्याकडे नाटक करण्याची हौस होती.

(दृश्य : झाशी राणी चौक, वाहतूक. त्यानंतर रेशीमबाग.)

जागेचं म्हणाल तर जुने नागपूरकर अजून धनवटे रंगमंदिराची आठवण काढतात. सीताबर्डीतलं विदर्भ साहित्य संघाचं ते नाट्यगृह पाडलं गेलं आणि तिथे संकुल उभं राहिलं. हौशी मंडळांना त्याची चुटपुट आजही आहे, आणि ती नुसती भावुक नाही. शहराच्या मधोमध, बस जिथे थांबते तिथे नाट्यगृह असणं म्हणजे ऑफिस सुटल्यावर पायी नाटकाला येणारा प्रेक्षक मिळणं. 2017 मध्ये रेशीमबागेत कविवर्य सुरेश भट सभागृह सुरू झालं. सुमारे 2000 खुर्च्यांचं, देखणं. संमेलनाला, मोठ्या गाण्याच्या कार्यक्रमाला ते उत्तम. पण दोनशे प्रेक्षकांच्या नाटकाने तिथे काय करायचं? पुढच्या चार रांगा भरतात आणि मागचा अंधार नटाच्या अंगावर येतो. लक्ष्मीनगरचं सायंटिफिक सभागृह, शंकरनगरची सभागृहं ही मापाने बरी. तरी भाडं, दिव्यांचं भाडं, ध्वनी, रंगभूषा, टेम्पो, आणि आलेल्या प्रत्येकाला चहा-पोहे, असं सगळं धरलं की दुसऱ्या प्रयोगाचा विषय आपोआप मागे पडतो.

2019 मध्ये 99वं अखिल भारतीय मराठी नाट्यसंमेलन रेशीमबागेतच भरलं. अध्यक्ष होते प्रेमानंद गज्वी. त्यांची ‘घोटभर पाणी’ ही एकांकिका हौशी मंडळींनी महाराष्ट्रभर केली. का केली? विषय टोकदार होता हे पहिलं कारण. पण दुसरं कारण नाटकवाले हळू आवाजात सांगतात : पात्रं मोजकी, सामान जवळजवळ नाहीच. नाटक पिशवीत घालून नेता येत होतं.

ताईंनी यंदा ही गोष्ट मनावर घेतली.

(दृश्य : खाजगी गाडीच्या काचेतून रस्ता. उमरेड, भिवापूर, नागभीडच्या पाट्या.)

मागच्या हंगामात हे सगळे ब्रह्मपुरीकडे झाडीपट्टीचं, म्हणजे पूर्व विदर्भातल्या जंगलपट्ट्याचं नाटक बघायला गेले होते. नागपूरपासून तीन तासांचा रस्ता. पलीकडे वैनगंगा ओलांडली की वडसा, झाडीपट्टी रंगभूमीचं मुख्य ठाणं. दिवाळी झाली की तिथे नाटक कंपन्यांची कार्यालयं गजबजतात. मंडई म्हणजे गावची जत्रा भरते, शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती होतात, आणि गावागावांत नाटक लागतं. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात हिवाळाभर हे चालतं. रात्री उशिरा सुरू झालेलं नाटक पहाटेपर्यंत. त्यातले ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा पुण्या-मुंबईच्या वर्तमानपत्रांना झाडीपट्टी नव्याने सापडली. झाडीतल्या लोकांना ती हरवलीच नव्हती.

या मंडळींनी तिथे काय पाहिलं? कडाक्याच्या थंडीत, घोंगड्या पांघरून, तिकीट काढून बसलेली माणसं. नाटकाच्या गुणवत्तेवर गाडीत परतीच्या वाटेवर भरपूर वाद झाला. भडक आहे, लांबण लागते, गाणी उगाच घुसतात. हे सगळं मान्य. पण पहाटे चार वाजता एकही माणूस उठत नव्हता, यावर वाद झाला नाही. लाइनमन दादा तेवढं म्हणाले, "आपल्या नाटकाले लोक पास मागतात. अन् हे पैसे देऊन थंडीत बसून राह्यले."

पास. नागपूरच्या हौशी रंगभूमीचं सगळं दुखणं या दोन अक्षरांत आहे, असं आमचं मत झालं आहे. नातेवाईक पास मागतात, शेजारी पास मागतात, ज्याने नाटकाला देणगी दिली तोही चार जास्तीचे पास मागतो.

(दृश्य : पुन्हा तालीम. क्रेट उचलून रचले जात आहेत.)

नवं नाटक मंडळातल्याच एकाने लिहिलंय. दोन अंक. काटोल तालुक्यातलं एक घर आणि त्याची संत्र्याची बाग. आंबिया बहार, म्हणजे हिवाळ्यात तोडायचं संत्रं, झाडावर आहे, पण फळगळ सुरू झालीय आणि धाकट्या मुलीची फी भरायचीय. व्यापारी बाग ठोक्यात मागतो आणि इसार, म्हणजे आगाऊ रक्कम, म्हणून नोटांची गड्डी ओट्यावर ठेवतो. पहिला अंक त्या गड्डीला कुणी हात लावायचा, यावरच चालतो. दुसऱ्यात फळांची तोड होते. त्यापुढचं सांगितलं तर लेखक आमच्याशी बोलायचा नाही.

मूळ संहितेत नेपथ्य भलं मोठं होतं. मागे बाग, पुढे ओटा, डावीकडे घराचं दार, वरती कौलं. ताईंनी पहिल्याच वाचनाला सगळं काढून टाकलं. आता फक्त क्रेट आहेत. चार रचले की ओटा. दोन उभे केले की दाराची चौकट. एकावर काकू बसून वाती वळतात. दुसऱ्या अंकात तेच क्रेट खरोखर भरले जातात, एकेक करून बाहेर जातात, आणि घर डोळ्यांदेखत रिकामं होत जातं. काटकसर म्हणून सुचलेली गोष्ट नाटकातली सगळ्यात जोरकस जागा झाली. नेपथ्यकाराला आधी राग आला होता. आता तोच प्रत्येक तालमीला क्रेटचा क्रम बदलून बघतो.

सगळं सामान एका छोट्या हत्तीत, म्हणजे छोट्या मालवाहू टेम्पोत बसतं. दिवे सहा. ते नसले तर हॅलोजन. वीजच गेली तर काय, असं विचारल्यावर सगळ्यांनी लाइनमन दादांकडे पाहिलं.

स्पर्धेतली प्राथमिक फेरी हिवाळ्यात होईल ती होईल. दुसरा प्रयोग जानेवारीअखेर, काटोल तालुक्यातल्याच एका गावात आहे. आंबियाची तोड उरकलेली असेल आणि मृग बहाराची, म्हणजे त्यानंतरच्या फळाची, अजून लागायची असेल, म्हणजे बागवानांच्या हाताला जरा उसंत. मंदिरासमोरचं पटांगण, गावाने मांडव द्यायचा, मंडळाने जेवण तिथेच करायचं. या प्रयोगाची धास्ती परीक्षकांपेक्षा जास्त आहे, हे काकूंनी कबूल केलं. परीक्षक अभिनयाचे गुण देतात. तिथला माणूस सांगेल, क्रेट असा नाही उचलत बाई.

तिसरा प्रयोग पूर्व नागपुरातल्या एका समाजभवनात. तिथे तिकीट लावायचं की पेटी फिरवायची, यावर दोन बैठका झाल्या आणि एक माणूस रुसला. शेवटी तिकीट ठरलं. पन्नास रुपये, पास नाही. दिग्दर्शिकेची सासूबाईसुद्धा तिकीट काढून येणार आहेत, असं ताईंनी सगळ्यांसमोर जाहीर केलं. सासूबाईंना अजून सांगायचं आहे.

(दृश्य : मारबतीच्या मिरवणुकीची गर्दी, बडगे.)

तसं पाहिलं तर या शहराला रस्त्यावरचं नाट्य नवं नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इतवारी-महाल भागात मारबत, म्हणजे रोगराई-संकटं घेऊन जाणारा मोठा पुतळा, मिरवत निघते. काळी मारबत 1881 पासून आणि पिवळी 1885 पासून. "घेऊन जा गे मारबत" म्हणत सगळं शहर रस्त्यावर येतं आणि बडग्यांच्या, म्हणजे टीका करणाऱ्या पुतळ्यांच्या, पाठीवर महागाईपासून पुढाऱ्यापर्यंत कुणालाही बसवतं. मंडळातले दोन तरुण असे बडगे बनवणाऱ्यांपैकी आहेत. नाटकातला व्यापाऱ्याचा मुखवटा त्यांच्याच हातचा, बांबूच्या कामट्या आणि रद्दी कागदाचा.

बाकीचे कार्यक्रम थोडक्यात. 5 नोव्हेंबरला रंगभूमी दिन, 1843 मध्ये सांगलीत विष्णुदास भाव्यांनी पहिला नाट्यप्रयोग केला तो दिवस. नटराजपूजन आणि जुन्या सभासदांचं नाट्यवाचन याच वर्गात होईल. 27 मार्चला जागतिक रंगभूमी दिनी तीन नव्या एकांकिकांचं वाचन, लेखक समोर बसून ऐकणार आणि मध्ये बोलणार नाही, ही अट आहे. मुलांचं शिबिर परीक्षा संपल्यावर, सकाळी साडेसात ते दहा. नागपूरच्या उन्हात त्यानंतर कुणी पालक मुलाला पाठवत नाही, आणि पाठवूही नये.

(दृश्य : वर्गाच्या दारावर हाताने लिहिलेली सूचना. कॅमेरा तिच्यावर थांबतो. निवेदक वाचतो.)

"पुढच्या शनिवारी पात्रनिवड. आजोबांची भूमिका रिकामी आहे. वय साठीच्या पुढे चालेल, आवाज हवा. अनुभवाची गरज नाही. पहिल्या अंकात खाटेवर पडून राहायचं आहे, दुसऱ्या अंकात एकदाच उठायचं आहे, पण ते नीट जमलं पाहिजे. याशिवाय टेम्पो चालवता येणारा एक माणूस हवा. त्याला नाटक येत नसलं तरी चालेल."