कीर्तीच्या अलीकडे

(फोंडा येथे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

अध्यक्ष महोदय आणि जमलेल्या सर्व बंधुभगिनींनो,

मी अंत्रुज महालातल्या, म्हणजे या फोंडा भागातल्या, शाळांत आयुष्यभर मराठी शिकवले. ‘माझी आदर्श स्त्री’ हा निबंधाचा विषय दिला की बहुतेक वह्यांत तोच साचा सापडे. जन्म अमुक साली, लहानपणापासून हुशार, पुढे मोठमोठे पुरस्कार मिळाले, त्यांचे नाव अजरामर राहील. मुलींचा यात दोष नाही, कारण आपण मोठी माणसेही थोर स्त्रियांविषयी याच भाषेत बोलतो. पण अशा माहितीने कोणाचे आयुष्य घडल्याचे मला दिसलेले नाही. एखाद्या बाईने शिकताना काय सोसले, कशाला नकार दिला आणि कोणते काम वर्षानुवर्षे नेटाने केले, हे बारकाईने कळले की मगच ती आपल्या निर्णयांत उतरते. हे सांगण्यासाठी मी मुद्दाम आपल्याच मातीतल्या स्त्रिया निवडल्या आहेत.

गायिका केसरबाई केरकरांचा जन्म १८९२ चा, इथून जवळच्या केरी गावातला. लहानपणी कोल्हापुरात अब्दुल करीम खाँसाहेबांकडे काही महिने, गोव्यात परतल्यावर रामकृष्णबुवा वझ्यांकडे, पुढे मुंबईत बरकतुल्ला खाँ आणि भास्करबुवा बखले यांच्याकडे, अशी त्यांची तालीम तुटक तुटक झाली. १९२१ मध्ये जयपूर-अत्रौली घराण्याचे प्रवर्तक अल्लादिया खाँसाहेबांनी त्यांना शिष्या म्हणून पत्करले, तेव्हा त्या तिशीला टेकल्या होत्या. त्या वयात आधीचे गाणे बाजूला ठेवून त्यांनी पुन्हा मुळापासून सुरुवात केली. अनवट राग, जोडराग आणि लयीचा धागा न सोडता लांब दमाने केलेली बढत ही जयपूर-अत्रौली गायकीची वाट आहे; ती वयात आलेल्या गळ्याने नव्याने आत्मसात करणे किती कठीण असेल, हे ज्यांनी थोडेफार गाणे शिकून पाहिले आहे त्यांना सांगायला नको. मी संसार आणि मुले सांभाळून पस्तिशीनंतर बी.एड.ला नाव घातले, तेव्हा ‘आता या वयात कशाला?’ असे विचारणारे घरात आणि शेजारात पुष्कळ होते. त्या काळात मला खरा आधार वाटला तो केसरबाईंच्या तिशीचा.

त्यांचे नकारही तितकेच लक्षात ठेवण्यासारखे आहेत. ध्वनिक्षेपकाचे त्यांना वावडे होते, रेडिओवर गायला त्या राजी नव्हत्या, आणि साठच्या दशकात, लोकांना अजून ऐकायचे असतानाच, त्यांनी मैफली थांबवल्या. १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेलेल्या सोनेरी तबकडीवर त्यांची भैरवीतली ‘जात कहाँ हो’ आहे, ही गोष्ट आपल्याकडे प्रत्येक समारंभात सांगितली जाते आणि ती अभिमानाने सांगावी अशीच आहे. माझे म्हणणे इतकेच की त्या साडेतीन मिनिटांच्या मागे उभी असलेली तालीमही तितक्याच अगत्याने सांगितली जावी.

तरीही मानसन्मान अगदी निरुपयोगी असतात, असे मी म्हणणार नाही. केसरबाई आणि जिच्याविषयी मी पुढे सांगणार आहे ती दुसरी गायिका, मोगूबाई कुर्डीकर, या दोघीही कलावंतांच्या, म्हणजे देवळांच्या सेवेत पिढीजात गाणे-नाचणे करणाऱ्या समाजाच्या, घरांतून आल्या. ज्यांच्या घरात गाणे पिढ्यानपिढ्या जपले गेले, त्यांनाच समाज नावे ठेवत होता, आणि त्याच धाकाने इतर घरांतल्या मुलींना पेटीपाशी बसू दिले जात नव्हते. माझ्या आईला गाण्याचे वेड होते, पण आजोबांनी तिला कधी शिकू दिले नाही. १९६९ मध्ये केसरबाईंना पद्मभूषण मिळाले. त्यानंतर मला शिकवणीला घालताना आई आजीला म्हणाली, “सरकारनं एवढा मान दिलाय, आता कोण काय बोलणार?” आजी काही बोलली नाही, पण शिकवणीच्या पैशांसाठी तिने आपल्या फडताळातला डबा काढून दिला. एका प्रसिद्ध बाईच्या कीर्तीने आमच्या घरातले एक दार असे उघडले. त्या दारातून आत जाऊन सूर लावणे मात्र माझे मलाच करायचे होते आणि तिथे ते पदक काही कामाचे नव्हते.

मोगूबाई कुर्डीकरांची वाट याहून खडतर होती. सांगे तालुक्यातल्या कुर्डी गावात १९०४ मध्ये त्यांचा जन्म झाला. ते गाव पुढे साळावली धरणाच्या पाण्याखाली गेले आणि उन्हाळ्यात पाणी ओसरले की त्याचे अवशेष आजही दिसतात. मुलीने गावे हा आईचा, जयश्रीबाईंचा, ध्यास होता. पण मोगूबाई दहा वर्षांच्या असतानाच आई गेली. नाटक मंडळ्यांत काम करून त्या सांगलीला आल्या. तिथे शिकवणाऱ्या उस्तादांनी मध्येच शिकवणे थांबवले, तेव्हा ही मुलगी जेवढे मिळाले तेवढेच रोज घोटत बसे. औषधोपचारासाठी सांगलीत आलेले एक वयस्क गृहस्थ त्या घरावरून जात असत. एके दिवशी ते आत येऊन बसले आणि तिला गायला सांगितले. ते अल्लादिया खाँसाहेब आहेत, हे तिला ठाऊकही नव्हते. पुढे त्यांचीही तालीम खंडित झाली, तेव्हा मोगूबाई आग्रा घराण्याच्या उस्तादांकडे शिकल्या, मग खाँसाहेबांचे बंधू हैदर खाँ यांच्याकडे शिकल्या, आणि अखेर खाँसाहेबांचा रीतसर गंडा, म्हणजे शिष्यत्वाचा धागा, बांधून घेतला. शिकवणारा कोणी नसताना कसे शिकत राहावे, हे मला या चरित्रातून कळले.

पुढे तीन मुलांना त्यांनी एकटीने वाढवले. थोरली किशोरी (पुढच्या गायिका किशोरी आमोणकर) आईबरोबर दौऱ्यांवर जाई. तिसऱ्या वर्गाच्या डब्यातला प्रवास, कोणाच्या तरी घरी केलेली उतरण्याची सोय आणि मानधन देतानाची वागणूक तिने लहानपणी जवळून पाहिली. किशोरीताईंनी मुलाखतींतून हे उघडपणे सांगितले आहे. आपल्या वाट्याला हे येऊ द्यायचे नाही, असे त्यांनी ठरवले. मैफलीत श्रोत्यांची कुजबुज त्यांना खपत नसे आणि आयोजकांकडून त्या चोख व्यवस्था मागत. याला लोक लहरीपणा म्हणाले. आईचा झालेला अपमान लेकीने लक्षात ठेवला आणि पुढच्या गायिकांसाठी मानाची पातळी वर नेली, असे मी त्याला म्हणते. आईचे गाणे जसे लेकीत आले, तसे आईने गिळलेले दुःखही आले, आणि त्याचे तिने काय केले हे आपण पाहिले.

शशिकलाताई काकोडकरांविषयी थोडक्यात सांगते. १९७३ मध्ये वडील आणि गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांच्या निधनानंतर त्या मुख्यमंत्री झाल्या आणि १९७९ पर्यंत त्या पदावर होत्या. त्यांच्या कारकिर्दीत, १९७५ मध्ये, मुंडकारांना घरातून हुसकण्यापासून संरक्षण देणारा कायदा झाला. भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, जमिनीवर पिढ्यानपिढ्या राहणाऱ्या माणसाला, म्हणजे मुंडकाराला, त्यापूर्वी कोणत्याही दिवशी ‘चल, ऊठ’ म्हणता येत असे. मुंडकारांचे खटले मामलेदारांपुढे अजूनही चालतात, काम पुरे झालेले नाही. पण आमच्या वाड्यावरच्या कितीतरी बायकांचे आयुष्य ताईंनी घडवले, आणि त्यांतल्या अनेकींनी ताईंना कधी पाहिलेही नव्हते.

शेवटी लीबिया लोबो सरदेसाई. २५ नोव्हेंबर १९५५ पासून पोर्तुगीज राजवटीतून गोव्याच्या मुक्तीपर्यंत, म्हणजे सहा वर्षे, त्यांनी आणि वामन सरदेसाई यांनी आंबोली आणि नंतर कॅसलरॉकच्या रानातून भूमिगत नभोवाणी चालवली. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या सरकारचा प्रचार ऐकायचा, त्यातले खोटे शोधायचे, खरी बातमी मिळवायची, पोर्तुगीज आणि कोकणीतून उत्तर लिहायचे आणि ते बोलायचे, असा तो दिनक्रम होता. १९ डिसेंबर १९६१ रोजी विमानातून त्यांनी गोमंतकीयांना मुक्तीची वार्ता सांगितली, तेवढाच क्षण आपल्याला ठाऊक असतो. २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा त्यांनी शंभरी गाठली होती. लढ्याच्या इतिहासात सत्याग्रहींनी खाल्लेला मार आणि भोगलेला तुरुंगवास जितक्या आदराने सांगितला जातो, तितक्याच आदराने रानात बसून रोज केलेले हे लेखनही सांगितले पाहिजे. मुलींना तर ते आधी सांगावे. विमानात बसण्याची वेळ त्यांच्यावर बहुधा येणार नाही. पण कानावर आलेली बातमी तपासून पाहणे आणि तिचे उत्तर नीट वाक्यांत लिहिणे, हे काम त्यांना उद्या सकाळपासून सुरू करता येईल.