टाके सुकल्यानंतरची वर्षं

(दृश्य: ऑपरेशन थिएटरमधले दिवे एकेक करून मालवले जातात.)

वजन कमी करण्याचं ऑपरेशन काही तासांत आटोपतं. दुर्बिणीतून केलं असेल तर माणूस दोन-तीन दिवसांत घरी येतो. पोटावर चार-पाच लहान व्रण उरतात. वर्षभरात वजन भराभर उतरतं, मधुमेहाच्या गोळ्या कमी होतात, जिना चढताना धाप लागेनाशी होते. ही गोष्ट सांगणारे बहुतेकदा इथंच थांबतात. आपण इथून सुरुवात करू.

आधी आत काय बदललं ते पाहू. स्लीव्ह प्रकारात जठराचा जवळजवळ तीन-चतुर्थांश भाग कापून काढतात आणि अरुंद नळी शिल्लक ठेवतात. बायपासमध्ये जठराच्या वरच्या टोकाला साधारण ३० मिलिलिटरची पिशवी करून लहान आतडं थेट तिला जोडतात. अन्न मधला टप्पा, म्हणजे उरलेलं जठर आणि लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग, गाळून पुढं जातं. लोह आणि कॅल्शियम शरीर मुख्यतः त्याच टप्प्यात शोषून घेत असतं.

(दृश्य: अनवाणी पावलं, फरशीवर सावकाश टेकणारी.)

बी-१२ची कथा फसवी आहे. ते शोषलं जाण्यासाठी जठरातलं आम्ल लागतं आणि जठरातच तयार होणारं एक प्रथिनही लागतं. दोन्ही कमी पडतात, पण यकृतातला साठा बराच काळ पुरतो. त्यामुळे सुरुवातीचे रिपोर्ट चांगले येतात, गोळ्या कंटाळा येऊन सुटतात आणि कधीतरी पायांच्या बोटांना मुंग्या यायला लागतात. अंधारात चालताना तोल जातो. घरचे म्हणतात, वय झालं. ऑपरेशनची आठवण कुणालाच होत नाही. तांब्याच्या कमतरतेतही हुबेहूब हीच लक्षणं दिसतात, आणि तेव्हा नुसती बी-१२ची इंजेक्शनं घेऊन भागत नाही.

थायामिनला, म्हणजे बी-१ला, एवढीही सवड नसते. शरीरात त्याचा साठा जेमतेम दोन-तीन आठवड्यांचा. सतत उलट्या होत राहिल्या की तो संपतो. मग नजर स्थिर राहत नाही, चाल अडखळते, माणूस असंबद्ध बोलू लागतो. अशा वेळी थायामिन न देता नुसती ग्लुकोजची सलाइन लावली, तर मेंदूची हानी वाढू शकते. म्हणून तातडीच्या विभागात पोहोचल्यावर जुन्या ऑपरेशनबद्दल सांगणं इतकं मोलाचं ठरतं. रुग्णाला बोलता येत नसेल, तर हे सोबतच्या माणसाला ठाऊक असायला हवं.

(दृश्य: पोटावर हात दाबून पलंगाच्या कडेला बसलेली व्यक्ती. घड्याळाची टिकटिक.)

आणखी एक दुखणं असंच चकवतं. बायपास करताना आतड्याची मांडणी बदलते आणि त्याला धरून ठेवणाऱ्या पडद्यांमध्ये फटी तयार होतात. पुढं वजन उतरलं की तिथली चरबीही झडते, फटी रुंदावतात आणि आतड्याचा एखादा वेढा त्यातून आत सरकतो. जेवल्यावर पोटात कळ येते, थोड्या वेळानं थांबते. वेढा सरकून जागेवर परत गेलेला असेल तर तपासण्यांत काहीच सापडत नाही. काहींना महिनोन् महिने नुसती पित्ताची औषधं मिळत राहतात. आणि एके दिवशी आतड्याला पीळ पडतो, रक्तपुरवठा तुटतो आणि हातात मोजके तास उरतात. हल्ली सर्जन या फटी टाके घालून बंद करतात. त्यानं धोका बराच घटतो, पण पुरता जात नाही. गरोदरपणात तर अशी कळ अंगावर काढूच नये.

बाकीचं थोडक्यात. वजन वेगानं उतरताना पित्तखडे होतात. बायपासनंतर मुतखडेही. गोड खाल्ल्यावर धडधड, घाम, जुलाब. काहींची साखर जेवणानंतर एक ते तीन तासांत इतकी घसरते की भोवळ येते. गाडी चालवणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं. स्लीव्हनंतर छातीत जळजळ वाढू शकते. हाडं विरळ होतात. दारू लवकर आणि जास्त चढते, आणि व्यसनाचा धोका दुसऱ्या वर्षापासून पुढं वाढलेला दिसतो.

हे ऐकून ऑपरेशनच चूक होतं असं कुणी समजू नये. स्वीडनमध्ये १९८७ साली सुरू झालेल्या दीर्घ अभ्यासात ऑपरेशन झालेले लोक, तितकंच वजन असूनही ऑपरेशन न केलेल्या लोकांपेक्षा सरासरी तीन वर्षं जास्त जगले. हा लाभ खरा आहे.

मला जास्त बोचते ती दुसरीच गोष्ट. काही वर्षांनी थोडं वजन परत येतं. ते बऱ्याच जणांचं येतं, कारण शरीर जुन्या वजनाकडे ओढ घेतं. पण माणसाला वाटतं, आपणच हरलो. आता कोणत्या तोंडानं डॉक्टरांकडे जायचं? तो जायचा थांबतो. वजनकाट्याच्या लाजेपायी रक्ततपासणीही राहून जाते.

(दृश्य: दंडाला आवळलेली पट्टी. नळीत रक्त चढतं आहे.)

ऑपरेशनला अकरा वर्षं झाली. वजन नऊ किलोनं वाढलं आहे. कागदावर तपासण्या लिहिल्या आहेत: हिमोग्लोबिन, फेरिटिन म्हणजे लोहाचा साठा, बी-१२, ड जीवनसत्त्व, कॅल्शियम, पॅराथायरॉइड हार्मोन, तांबं. आज काट्यावर उभं राहायचं नसेल तरी चालेल, असं नर्सनं दारातच सांगितलं होतं.