तीन कोंबड्या, अर्धी गिरणी आणि ढगातली जहाजं

बसा, मागे जागा आहे अजून. मला चाळीस मिनिटं दिलीयेत आणि विषय दिलाय सुरुवातीच्या मध्ययुगातल्या युरोपची शेती, म्हणजे पाचशे वर्षं आणि अख्खा खंड, ते काय होणार नाही माझ्याच्याने. त्यामुळे मी एकाच शेतकऱ्याला धरून बोलणार आहे. त्याचं नाव बोडो. बायको एर्मेनट्रूड, पोरं तीन.

हा बोडो आपल्याला माहितीये कारण त्याच्याकडून काय काय वसूल करायचं ते कुणीतरी लिहून ठेवलं. पॅरिसला सँ-जर्मेन-दे-प्रे म्हणून मठ होता, आता तिथे शहराचा एकदम महागडा भाग आहे, पण तेव्हा हा मठ म्हणजे भलामोठा जमीनदार. ८२० च्या दशकात इर्मिनॉन नावाच्या मठाधिपतीने सगळ्या गावांची, सगळ्या कुळांची वही तयार करून घेतली. लॅटिनमध्ये बोडोला 'कोलोनस' म्हटलंय, आपण सरळ कूळ म्हणू. गुलाम नाही, पण जमीन सोडून निघून जाईन म्हणाला तर तेही जमायचं नाही.

आता त्याची नोंद बघा. शेतजमीन अंदाजे २५ एकर (त्या काळच्या मापांवर वाद आहेत, सोडा), थोडी द्राक्षबाग, थोडं गवताचं कुरण. हे त्याच्याकडे. आणि देणं? सैन्यासाठी चांदीचे २ सॉलिडस. दर तिसऱ्या वर्षी छपराच्या १०० फळ्या. कुंपणाचा ठरलेला तुकडा बांधून द्यायचा. हिवाळी पेरणीला आणि वसंतातल्या पेरणीला मठाची जमीन नांगरायची, शिवाय आठवड्याला दोन वेठी आणि वर एक हातकाम. ३ कोंबड्या, १५ अंडी. हो, अंडीसुद्धा मोजलीयेत! आणि अर्धी गिरणी, पाण्यावर चालणारी, तिचे आणखी २ सॉलिडस.

सॉलिडस हे नाणं खिशात नसायचं बरं का, तो हिशोबाचा आकडा, १२ दिनार (ही चांदीची नाणी) म्हणजे एक सॉलिडस. ७९४ साली फ्रँक लोकांचा राजा शार्लमेन याने फ्रँकफुर्टच्या परिषदेत भाव बांधून दिले होते, त्यात एका दिनारला दोन-दोन पौंड वजनाच्या १२ गव्हाच्या भाकऱ्या, ओटच्या घेतल्या तर २५. म्हणजे बोडोचे सैन्याचे २ सॉलिडस हे २८८ गव्हाच्या भाकऱ्या झाल्या. मधे तीसेक वर्षं गेलीयेत त्यामुळे हा हिशोब काटेकोर नाही, पण अंदाज येतो.

एक गोष्ट मात्र मी मुद्दाम मागे ठेवली. बोडो दरवर्षी दोन मापं वाईन देतो, आणि ती कशाबद्दल, तर रानात डुकरं चारायच्या परवानगीबद्दल. ओकच्या झाडांखाली शरद ऋतूत फळांचा सडा पडतो, त्यावर डुकरं पोसायची, मग थंडी लागली की कापून खारवायची. रान कुणी लावलेलं नाही, फळं कुणी पाडलेली नाहीत, डुक्कर बोडोचं स्वतःचं, तरी त्याचे पैसे. त्या वह्यांमध्ये जंगल किती मोठं हे सांगताना इतकी डुकरं पोसतील एवढं जंगल असं लिहिलेलं सापडतं. आपण 'निसर्ग' म्हणतो ना, ते असं वहीत बसलेलं होतं. शार्लमेनच्या काळचा राजाच्या वाड्या-शेतांचा एक हुकूमनामा आहे त्यातही हेच, रान शेतावर चढू देऊ नका, पण जिथे रान हवं तिथे तोडूही देऊ नका, आणि मे महिन्यात लांडग्यांची पिल्लं शोधून मारा.

पण आभाळ काही वहीत बसत नाही, आणि इथून पुढचा भाग मला जास्त आवडतो.

फ्रान्समधल्या लिऑन शहराचा बिशप अगोबार्ड, साधारण ८१५ ची गोष्ट. त्याच्या लक्षात आलं की झाडून सगळे लोक, गरीब काय श्रीमंत काय, असं मानतात की गारपीट माणसं घडवून आणतात. म्हणजे मॅगोनिया नावाचा देश आहे, तिथून ढगांतून जहाजं येतात, आणि गारांनी झोडपून पडलेलं धान्य ती भरून नेतात, वादळ उठवणाऱ्या मांत्रिकांना त्याचे पैसेही देतात. एकदा तर लोकांनी तीन पुरुष आणि एक बाई साखळदंडात बांधून आणली, हे म्हणे त्या जहाजांतून खाली पडले, आता यांना दगडांनी ठेचायचं! अगोबार्डने वाद घालून घालून ते थांबवलं. त्याने साक्षीदार पण शोधला, की बाबा तू स्वतः पाहिलंस का, तर एकाने जागा सांगितली, वेळ सांगितली, माणसाचं नाव सांगितलं, आणि शेवटी म्हणे मी काय तिथे नव्हतो. व्हॉट्सॲपवर असली मंडळी आपणही बघतो.

त्याच्या थोडं आधी, ८१० च्या सुमारास गुरांची भयंकर साथ आली होती, बैल पटापट मेले, आणि बैल मेला की नांगर उभा. तेव्हा अफवा उठली की इटलीतल्या बेनेव्हेंटोच्या ड्यूकने माणसं पाठवून विषारी पावडर टाकली. लोकांनी संशयितांना पकडून मारलं, काहींना फळ्यांना बांधून नदीत सोडलं. अगोबार्ड विचारतो, अहो, बेनेव्हेंटोचे सगळे म्हातारे, तरणे, बायका, प्रत्येकजण तीन-तीन गाड्या पावडर घेऊन निघाले असते तरी एवढ्या मुलखाला पुरली असती का? आणि पावडर गुरंच तेवढी कशी ओळखते? हजार वर्षांपूर्वीच्या माणसाचा हा प्रश्न मला फार आवडतो.

तर हा आपला हिरो, शहाणा माणूस. पण थांबा. त्याची एक तक्रार वाचली की गंमत कळते. तो म्हणतो, वादळापासून शेत राखतो असं सांगणारे लोक गावोगाव फिरतात आणि शेतकरी त्यांना पिकाचा ठरलेला हिस्सा बिनबोभाट देतात, आणि चर्चचा दशमांश, म्हणजे पिकाचा दहावा हिस्सा, मात्र सतरा वेळा मागूनही देत नाहीत! म्हणजे राग अज्ञानाचा आहेच, पण त्या धान्यात दुसरा वाटेकरी आला याचाही आहे.

शेतकऱ्याचं तरी काय चुकलं, मला सांगा. पेरलं त्याच्या दुप्पटसुद्धा हातात येत नसे असं जॉर्ज ड्युबी या इतिहासकाराने एका राजवाड्याच्या शेताच्या यादीवरून मांडलं होतं. पुढे बऱ्याच जणांनी आक्षेप घेतला, की यादीत फक्त कोठारात उरलेलं धान्य धरलंय, एकूण पीक नाही, आणि मला तो आक्षेप पटतो. पण पीक बेताचंच होतं यावर दुमत नाही. त्यात गार पडली तर ठरलेला हिस्सा देऊन निदान कुणाला तरी जाब विचारता येतो, मठाला तोही विचारता येत नाही.

आणि ज्या फ्रँकफुर्टच्या परिषदेचे भाव मी मघाशी सांगितले ना, त्याच्या आधी दुष्काळ पडला होता, कणसं पोचट निघाली होती. त्याच परिषदेत राजा आणि बिशप मंडळींनी अधिकृत ठरावात काय लिहिलं? की दाणे सैतानांनी खाल्ले, दूषण देणारे आवाजही ऐकू आले, म्हणून सगळ्यांनी दशमांश द्यावा.

राजाच्या हुकूमनाम्याच्या शेवटी बागेत लावायच्या झाडांची लांबलचक यादी आहे, कांदा, लसूण, मेथी, कोथिंबीर सगळं आहे. आणि त्यातच लिहिलंय, माळ्याने आपल्या घराच्या छपरावर 'ज्युपिटरची दाढी' लावावी. जाड पानांची छोटी वनस्पती असते ती, दगडावर, कौलावर कुठेही रुजते. का लावावी ते लिहिलेलं नाही. पण ज्युपिटर हा विजेचा देव, आणि ती छपरावर असली की वीज पडत नाही असं युरोपात लोक कित्येक शतकं मानत आले.